कवडूचा बोरा

कवडू, त्या दिवशी मी भांडणाची पुरती तयारी करून बसलो होतो. आरमोरीच्या मोटार स्टँडसमोरच्या हॉटेलात, आपल्या नेहमीच्या बाहेरच्या बाकड्यावर. तुझा ट्रक आदल्या संध्याकाळी यायचा होता, तो दुसऱ्या दिवशीची दुपार झाली तरी आला नव्हता. तुझ्यासाठी सांगितलेला चहा गार झाला, तो मीच पिऊन टाकला. ‘हा माणूस स्वतःच्या मयताला तरी वेळेवर येईल काय,’ असं मी हॉटेलवाल्याला म्हणालो आणि तो हसला. माझ्या तोंडून हे निघालं तेव्हा तुझी माती होऊन गेली होती.

मग ट्रक आला. आलापल्लीचं सागवान, वर बांधलेले साखळदंड, सगळं रोजच्यासारखं. मी उठून पुढं झालो, तुला काय काय सुनवायचं ते ओठावर होतं. उतरला तो एकटा ड्रायव्हर. त्याच्या हातात तुझी कापडी पिशवी.

“मास्तर तुमीच ना?” म्हणाला. “कवडूभाऊ गेला.”

“कुठं गेला?” मी विचारलं. खरंच विचारलं, रागानं विचारलं. मला वाटलं, पुन्हा कुठं उतरला वाटेत, कुणाच्या घरी बसला गाणं ऐकवत.

तो बिचारा पायदानावर टेकला. मग हळूहळू सांगू लागला. तू सकाळीच निघणार होतास. पिशवी त्याच्याजवळ शिटावर ठेवलीस, पाय पायदानावर ठेवलास, आणि पुन्हा खाली उतरलास. “म्हणे, एक नंबर पाह्याचा राह्यला, पाहून येतो. मी इंजिन चालूच ठेवलं होतं. लाकडाची थप्पी घसरली त्याच्यावर, तं आवाज असा आला का मले वाटलं गाडीच गेली.” ठेकेदाराकडे तू लाकडाच्या नंबरांची नोंद ठेवायचास, ते काम सोडायचं तू दर वर्षी ठरवायचास. ड्रायव्हरनं तुला त्याच ट्रकमधून तुझ्या गावी पोचवलं, चामोर्शीकडे, रात्रभर तिथंच थांबला, आणि मग मालाबरोबर पिशवी घेऊन पुढं निघाला. “आरमोरीच्या मास्तरले द्याची म्हणे तो,” असं म्हणून त्यानं ती माझ्या हातात दिली.

पिशवीत मुकुट होता. आपल्या नाटकातल्या राजाचा पुठ्ठ्याचा मुकुट, ज्याची चमकी निघाली म्हणून तू तो दुरुस्तीला नेला होतास. नवी चमकी लावलेली होती, डिंक अजून बोटाला चिकटत होता. भर बाजारात मी हातात मुकुट घेऊन उभा होतो आणि येणारे-जाणारे पाहत होते. मी काय विचार करत होतो ते सांगितलं तर तू हसशील. मी विचार करत होतो, डिंक ओला आहे म्हणजे याला काही झालेलं नाही.

ज्यांनी तुला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी तुझी ओळख करून द्यावी, असं हा लेख मागणारे संपादक म्हणाले. जन्म, शिक्षण, प्रकाशित साहित्य. मी त्यांना सांगितलं, ते मला जमणार नाही. तू दंडार, म्हणजे आमच्याकडची लोकनाट्यं, लिहायचास, गाणी लिहायचास, आणि माझ्या नाटकांतली वाक्यं कापायचास, एवढं मला माहीत आहे. बाकीचं मी तुझ्याशीच बोलणार आहे. लिहिताना हात ‘तू’वरच जातो, तेवढं चालवून घे. तू मला कायम ‘तुमी’ म्हणत आलास. मी एकदा म्हटलं, आता ‘तू’ म्हणत जा, एवढे दिवस झाले. तू म्हणालास, “त्यापेक्षा तुमीच मले ‘तुमी’ म्हणा ना, मास्तर. बरोबरी तशीई होते.” मी हसलो आणि विषय गेला. तू हसला नव्हतास, हे आता आठवतं.

आपलं हे सगळं सुरू झालं तुमच्या गावच्या विहिरीपासून. सरकारी पैशानं खोदलेली विहीर, कायद्यानं सगळ्यांची. भागरथाबाई, म्हणजे तुझी बायको, आणि वस्तीतल्या चारदोन बाया घागरी घेऊन गेल्या आणि पाणी भरून आल्या. त्यावर गावानं जे केलं ते केलंच, वर खटला उभा राहिला तो या बायांवर. शांतता मोडली म्हणे. खालच्या कोर्टात निकाल उलटा लागला. आता नागपूरला अपील नाही केलं तर बाया तुरुंगात जाणार आणि विहिरीला कायमचं कुलूप बसणार, एवढं साधं होतं. नागपूरचा वकील भला माणूस होता, पण त्यालाही पोट होतं, आणि मुदत काही थांबणार नव्हती.

आपण लेखक लोक. आपल्याजवळ काय असतं? मी चांद्याला कविसंमेलन ठरवलं. नागपूरहून कवी बोलावले, हॉल घेतला, मदतनिधीची पेटी दारात ठेवली. कवी इतके आले की श्रोत्यांना जागा उरली नाही, आणि श्रोते इतके कमी की त्याची गरजही पडली नाही. प्रत्येक कवीनं बंधुभावावर कविता म्हटली आणि जाताना गाडीभाडं मागितलं. मग मी कथांचं छोटं पुस्तक छापायचं काढलं. तू ते प्रूफं येईपर्यंत चालू दिलंस, आणि मग याच बाकड्यावर म्हणालास, “मास्तर, झाडीत पुस्तक घेते कोण? धान कापून झालं का माणूस नाटक पाह्यते. मंडई आली. नाटक करा.”

बाहेरच्यांना हे कळत नाही. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. लेक माहेरी येते ती नाटकाला, सोयरे येतात ते नाटकाला. एखाद्याच्या घरी भाकरीचं पीठ नसेल, पण नाटकाचं तिकीट त्यानं बाजूला काढून ठेवलेलं असतं. हे तुला पाठ होतं आणि मी, इथंच जन्मलेला माणूस, नागपूरच्या कवींमागं लागलो होतो.

नाटक आपण दोघांनी मिळून लिहिलं. राजा तळ्याला कुंपण घालतो, ज्यांना पाणी तोडलं त्यांच्याच वस्तीत एक दिवस शिकारीत वाट चुकून पोचतो, तहानेनं जीव कंठाशी येतो आणि ज्या हाताचं पाणी त्यानं बाटलेलं ठरवलं त्याच हातचं त्याला प्यावं लागतं. गोष्ट तुझी. त्या ठिकाणी मी राजाला एक स्वगत दिलं होतं. चांगलं लांब, अलंकारिक, अर्ध्या तासाचं नसेल पण लोकांना तसं वाटावं असं. माझ्या मते मी आयुष्यात लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं गद्य होतं. तू ते वाचलंस, कान खाजवलास, आणि म्हणालास, “तायनेला माणूस भाषण नाई करत, मास्तर. पाणी पिते.”

मी म्हटलं, हा राजा आहे.

“राजाले का दोन घसे रायते?”

त्यावरून आपण बोलणं टाकलं होतं. चार दिवस असेल, आठ दिवस असेल. शेवटी स्वगत राहिलं, कारण मी हटून बसलो. तुझं म्हणणं तू मागं घेतलं नाहीस, फक्त बोलायचं थांबलास. दर प्रयोगाला राजाचं भाषण सुरू झालं की तू पडद्यामागं मोठ्यानं जांभई द्यायचास, आणि ती मला ऐकू यावी अशा बेतानं द्यायचास.

पण आपलं मोठं भांडण ते नव्हतं. मोठं भांडण दोराचं.

नाटकाच्या मांडवात खुर्च्या असतात त्या पाटलांना, मालगुजारांना. मालगुजारी गेली, पण लोक अजून त्यांना मालगुजारच म्हणतात आणि तेही ओ देतात. बाकीचा गाव जमिनीवर. प्रत्येक जण घरून बोरा, म्हणजे बसायचं गोणपाट, आणतो, दुपारीच येऊन आपल्या जागेवर अंथरून जातो, आणि रात्री जेवून, घोंगडं घेऊन येऊन बसतो. आणि मांडवाच्या मागच्या अंगाला, या खांबापासून त्या खांबापर्यंत, एक दोर बांधलेला असतो. त्याच्या पलीकडे तुमच्या वस्तीचे लोक. तिकीट त्यांनाही असतंच.

पहिल्या प्रयोगाला आपल्या मांडवातही तो दोर आला. कुणी बांध म्हटलं नव्हतं, बांधू नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. मंडप घालणारा दर वर्षी बांधतो तसा त्यानं बांधला. पाणी सर्वांचं आहे असं सांगणारं नाटक, विहिरीच्या खटल्यासाठी केलेलं नाटक, आणि ज्या बाईवर खटला चालला ती दोरापलीकडे. पहाटे नाटक सुटल्यावर मी मोठ्या उत्साहानं भागरथाबाईला विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, “मले तुमचं नाटक आयकू आलं, मास्तर. दिसलं नाई.”

तू माझ्याकडे पाहिलंस आणि नदीच्या पुलापर्यंत माझ्या पुढं पुढं चालत राहिलास. मग म्हणालास, “पुढच्या गावच्या मंडईले दोर नाई पायजे.”

मी म्हटलं, दोर काढला तर खुर्च्यांवर कोण बसेल? मालगुजार तिकीट घेणार नाहीत, त्यांच्यामागचे घेणार नाहीत, आणि मांडवासाठी जागाही त्यांचीच. अपील कशावर करणार? वकील काय दोर घेऊन उभा राहील कोर्टात? कवडू, मी हे आजही म्हणतो. तू गेलास म्हणून मी माझं म्हणणं खोटं ठरवणार नाही. तुरुंगात जायची पाळी ज्यांच्यावर आली होती त्यांना आधी सोडवायचं, मग दोराचं पाहायचं, यात चूक काय होती?

तू म्हणालास, “दोर तोडासाठी कोर्टात जाऊन राह्यलो, अन् कोर्टाचा पैसा दोर बांधून जमवून राह्यलो. मास्तर, तुमी सोता आयका एकदा तुमी काय बोलून राह्यले ते.”

हॉटेलात तुझ्यासाठी बाहेर वळचणीला ठेवलेला वेगळा कप असायचा, कान तुटका. पहिल्याच भेटीत मी हट्टानं तसलाच दुसरा मागितला होता आणि त्यातूनच चहा प्यायलो होतो. हॉटेलवाला वैतागला. मला बरं वाटलं होतं. तू घोट घेत म्हणालास, “तुमी कान तुटका कप घेतला म्हणून मले कानवाला भेटला का?” तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण तुझं सगळं बोलणं या एका जागेवरून यायचं. मी सोबत खाली बसतो याचं तुला काही नव्हतं. तुला वर बसायचं होतं, सरळ, बाकीच्यांसारखं.

शेवटच्या भेटीत तू एक युक्ती सांगितलीस. म्हणालास, झाडीत माणूस कोणाचं शेत दाबेल, कोणाची बायको पळवेल, पण अंथरलेला बोरा हलवणार नाही. त्यावरून डोकी फुटली आहेत. मग आपली माणसं दुपारीच, दोर बांधायच्या आधी, पुढं नेऊन बोरे अंथरतील. “हालवाचा तं हात लावा लागते. आमच्या बोऱ्याले हात कोण लावते?” आणि खो खो हसलास. विटाळाचा असा उपयोग कोणी केला नसेल, असं म्हणत पुन्हा हसलास.

मी म्हटलं, हा पोरखेळ आहे. लाठ्या निघतील, प्रयोग मोडेल, पैसेही जातील. तू म्हणालास, “बरं. येतो त्या दिवशी, मंग बोलू.” ट्रकच्या पायदानावर उभा राहून म्हणालास. मी मान हलवली, आणि तेवढंच.

म्हणून मी तयारी करून बसलो होतो. तुझ्या प्रत्येक मुद्द्याला माझ्याकडे उत्तर होतं. ती उत्तरं अजून तशीच आहेत. परवा भाजी आणायला निघालो आणि वाटेत माझ्या लक्षात आलं की मी तुझ्याशी वाद घालतो आहे, ओठ हलवत. समोरून येणारी बाई बाजूला झाली.

मी तुझ्या गावी पोचलो तेव्हा घरात बायकांची गर्दी होती. भागरथाबाई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. मीही रडलो नाही, मला रडू आलंच नव्हतं. मला वाटत होतं, कुणीतरी काहीतरी चुकून बोलतंय आणि थोड्या वेळात दुरुस्त करील. दाराशी तुझ्या वहाणा होत्या, जुन्या, घरी वापरायच्या. मी त्या ओलांडताना पाय उचलून ओलांडल्या.

मी म्हटलं, “मंडईचा प्रयोग रद्द करतो. कळवून येतो सगळ्यांना.”

तिनं मान वर केली. “काऊन?”

मी म्हटलं, “असं कसं करायचं, भागरथाबाई? सुतक आहे. तोच नाही.”

“वकील थांबते का सुतकासाठी?” ती म्हणाली. “तुमीच तं म्हणत होते. घरी येऊन येऊन तुमचंच बोलणं सांगे तो मले. मास्तर असे म्हणते, अन् मी असा म्हणतो. भांडण तुमचं दोघाचं, अन् आयकाचं मी. नाटक करा. जेलात मले जा लागते, तुमाले नाई.”

माझंच म्हणणं तिनं माझ्या पुढ्यात ठेवलं आणि ते मला उचलता येईना. मी हो म्हणालो. निघताना तिनं कोपऱ्यातला बोरा काढला, तुझाच, ज्याला तू गोधडीचं ठिगळ लावून घेतलं होतंस. त्याची घडी केली आणि बाजूला ठेवली. मी पाहिलं, पण मला काही कळलं नाही.

तुमच्या गावच्या मंडईच्या दिवशी दुपारी मी मांडवात होतो. पडदा नीट बसत नव्हता, राजाचं काम करणारा ताप घेऊन आला होता, आणि सुरुवातीला तू जे गाणं म्हणायचास ते कोण म्हणणार हे ठरलं नव्हतं. मुकुट माझ्याच हातात होता. मंडपवाला दोराचं वेटोळं घेऊन मागच्या खांबाशी उकिडवा बसला होता, विडी ओढत. तेवढ्यात भागरथाबाई आली. एकटी आली. सरळ मांडवाच्या मधून चालत पुढं गेली, खुर्च्यांच्या आणि पडद्याच्या मध्ये, बरोबर मधोमध थांबली, घडी सोडली आणि बोरा अंथरला. हातानं वळ्या नीट केल्या. आणि बाजूला जाऊन बसली.

आपली जागा धरायला आलेली माणसं होती तिथं बरीच. सगळी थांबली. मालगुजारांचा कारभारी खुर्च्या लावून घेत होता, तो आला. “कोनाचा बोरा हाय?” त्यानं विचारलं. त्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

“नाटक लिवणाऱ्याचा,” भागरथाबाई म्हणाली.

“तो तं मेला.”

“हव. बोरा त्याचाच हाय.”

कारभाऱ्यानं आपल्या गड्याला सांगितलं, उचल. गडी बोऱ्याजवळ गेला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मग सरळ होऊन त्यानं धोतराला हात पुसले, लागलं काहीच नव्हतं तरी. मंडपवाल्याला सांगितलं, तो म्हणाला माझं काम दोर बांधायचं. कुणीतरी काठी आणली. काठीनं एक कोपरा उचलला गेला, घसरला, आणि पुन्हा जागेवर पडला. कवडू, मी तिथं उभा होतो आणि मला वाटलं की आता तू मागून हसणार. मी वळून पाहिलं. खरंच वळून पाहिलं.

तेव्हा एक म्हातारा उठला. कुणब्याच्या घरचा, चांगला जुना माणूस, विहिरीच्या बाबतीत तुमच्या बाजूचा मुळीच नसलेला. सकाळपासून आपल्या बोऱ्यावर राखण बसला होता. तो कारभाऱ्याला म्हणाला, “काठी ठेव बापा खाली. आंथरलेला बोरा हालवत नाई. आज याचा हालवला तं उद्या माह्या हालवसीन तू.” आणि वर म्हणाला, “अन् मेल्या माणसाचा तं नाईच.”

काठी खाली आली. मग वस्तीतल्या बाया आल्या, ज्यांच्यावर खटला होता त्या, आणि त्यांच्यामागं बाकीचे. त्यांनी तुझ्या बोऱ्याच्या दोन्ही अंगाला आपले बोरे अंथरले. पुढं, मधे, जिथं जागा दिसली तिथं. मंडपवाला दोर घेऊन या खांबापासून त्या खांबापर्यंत फिरला आणि कुठं बांधायचा ते त्याला कळेना. शेवटी त्यानं ते वेटोळं डोक्याखाली घेतलं आणि झोपला.

मालगुजार संध्याकाळी आले, दुरून पाहिलं, आणि पोट बिघडल्याचा निरोप ठेवून परत गेले. त्यांच्यामागं काही घरं गेली. मी मनात म्हटलं, बघ, मी सांगत होतो. पण बाकीचे गेले नाहीत. त्यांनी आपले बोरे टीचभर इकडे ओढले, टीचभर तिकडे ओढले, एकमेकांकडे पाठ केली, पुटपुटले, आणि बसले. झाडीचा माणूस जात सोडणार नाही, पण नाटकही सोडणार नाही. हे तू कुठल्याशा गाण्यात लिहायला हवं होतंस. खुर्च्या अर्ध्या रिकाम्या राहिल्या, त्यांवर पोरं चढून बसली.

वकिलापुरतं झालं. कसंबसं झालं, त्यात त्या म्हाताऱ्यानं पेटीत वेगळं काही टाकलं असं मला कुणी सांगितलं, खरंखोटं देव जाणे. अपील दाखल होईल. पुढं काय होईल ते मला माहीत नाही आणि तुलाही कळणार नाही, हे मला अजून पटत नाही. मला वाटतं, निकाल लागेल त्या दिवशी मी आलापल्लीच्या ट्रकबरोबर निरोप पाठवीन आणि तू रात्रीतून येशील.

तुझं गाणं मी म्हटलं. आवाज माझा तुला माहीत आहे. लोकांनी सहन केलं. तुझ्या बोऱ्यावर कुणी बसलं नाही. मांडव इतका भरला होता की माणसं एकमेकांच्या गुडघ्यावर होती, तरी तेवढी जागा मोकळी राहिली. पडद्याच्या फटीतून मला ती दिसत होती. राजाचं भाषण सुरू झालं तेव्हा मी पडद्यामागं उभा होतो. मी जांभईची वाट पाहत होतो. ती आली नाही, आणि तेव्हा, कवडू, ड्रायव्हरनं सांगितलेलं मला पहिल्यांदा कळलं. राजा बोलतच होता. मी मुंडाशाचं टोक तोंडात धरलं.

उजाडल्यावर लोक उठले, बोरे झटकत, घोंगडी सावरत गेले. भागरथाबाईनं तुझा बोरा उचलला, दोनदा झटकला, घडी केली, काखेत घेतला. मी जवळ गेलो. यावेळी काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तीच बोलली.

“आज दिसलं, मास्तर,” म्हणाली. “सगळं दिसलं.” मग दोन पावलं जाऊन थांबली. “पर तुमचा राजा लई बोलते. तायन लागली होती ना त्याले?”

मी म्हटलं, “हो. कमी करतो.”

पुढच्या मंडईला राजा नुसता पाणी पिणार आहे.